किशपेश्तचा पुश्काश

हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट ही डॅन्यूब नदीच्या दोन्ही काठांवर वसलेली एक सुंदर नगरी आहे. परंतु तिच्या आग्नेयेस असलेले किशपेश्त हे उपनगर 1930 च्या सुमारास काही सौंदर्यासाठी प्रसिद्ध नव्हते. तेथे कष्टकरी लोकांची वस्ती होती. घरे लहान, भिंती पातळ आणि खिसे बहुधा रिकामे. तथापि या वस्तीला एक वैभव लाभले होते. ते म्हणजे फुटबॉलचे मैदान. त्या मैदानाला लागूनच असलेल्या एका घरात फेरेन्त्स पुश्काश लहानाचा मोठा झाला. त्याचा जन्म 1927 सालच्या एप्रिल महिन्यातला.

जन्माच्या वेळी त्याचे आडनाव पुश्काश नव्हते. त्याचे घराणे मूळचे जर्मन वंशाचे असून पुर्त्सेल्द हे त्यांचे आडनाव होते. फेरेन्त्स दहा वर्षांचा असताना, 1937 मध्ये, कुटुंबाने हंगेरियन आडनाव घेतले. पुश्काश म्हणजे बंदूकधारी. ज्याच्या पायांतून पुढे तोफेच्या गोळ्यासारखे चेंडू सुटावयाचे होते, त्याला हे नाव योगायोगानेच मिळाले. पण ते शोभले मात्र खरे. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव मागून लिहितात. आपल्या शाळांच्या हजेरीपटात लिहितात तसेच. म्हणून त्याच्या देशात तो ‘पुश्काश फेरेन्त्स’ आणि घरात नुसता ‘अोची’, म्हणजे धाकटा भाऊ.

त्याचे वडील किशपेश्तच्या संघातून खेळत असत आणि पुढे ते त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. पण वडील खेळाडू असले म्हणून मुलाला चेंडू मिळतोच असे नाही. खरा कातडी चेंडू महाग. गल्लीतली मुले जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू करीत आणि अंधार पडेपर्यंत खेळत. चिंध्यांचा चेंडू उसळत नाही, सरळ घरंगळत नाही, आणि पाण्यात भिजला की दगडासारखा जड होतो. अशा चेंडूला ज्याने वश केले, त्याला पुढे कातडी चेंडू अगदीच आज्ञाधारक वाटला असेल तर नवल नाही.

शेजारच्या घरात योझेफ बोझिक नावाचा मुलगा राहत असे. तो पुश्काशपेक्षा वयाने थोडा मोठा. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती. खेळावयास जायचे असले की एकाने भिंतीवर ठोकावे आणि दुसऱ्याने बाहेर पडावे, अशी त्यांची खूण ठरलेली होती. बोझिक शांत, विचारी. पुश्काश बडबड्या, खोडकर आणि हट्टी. मैदानात मात्र दोघांचे असे जुळले की, बोझिकचा चेंडू कोठे पडणार हे पुश्काशला न बघताच कळत असे.

किशपेश्तच्या संघात बारा वर्षांखालील मुलांना नोंदवून घेत नसत. पुश्काशला तेवढा धीर कोठला? त्याने मिक्लोश कोवाच या खोट्या नावाने खेळावयास सुरुवात केली. कोवाच म्हणजे लोहार. बारावे वर्ष लागल्यावर हा लोहार नाहीसा झाला आणि पुश्काश आपल्या नावाने मैदानात उतरला. 1943 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो मोठ्यांच्या संघात खेळू लागला. त्या वेळी दुसरे महायुद्ध पेटलेले होते. युद्ध संपून काही महिने होतात न होतात तोच, 1945 च्या ऑगस्टमध्ये, तो ऑस्ट्रियाविरुद्ध हंगेरीच्या राष्ट्रीय संघातून खेळला आणि त्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला.

तो बुटका होता, अंगाने गुबगुबीत होता. डोक्याने चेंडू मारण्यात त्याला रस नव्हता, आणि उजव्या पायाचा उपयोग तो बहुतेक उभे राहण्यापुरताच करी. परंतु त्याचा डावा पाय! त्या पायाने तो चेंडू थांबवी, फिरवी, लपवी, आणि प्रतिपक्षाला वाटते न वाटते तोच गोलात धाडी. गोलापासून तीस पावलांवरून मारलेला त्याचा फटका गोलरक्षकाला दिसे तो जाळ्यातच. एकच शस्त्र जवळ असलेल्या माणसाने ते किती पाजळावे, याला त्याच्या सरावाची साक्ष काढता येईल. इतर खेळाडू घरी गेल्यावरही तो चेंडू घेऊन मैदानातच असे.

1949 मध्ये हंगेरीच्या साम्यवादी सरकारने किशपेश्तचा संघ ताब्यात घेऊन तो लष्कराच्या स्वाधीन केला. संघाचे नाव ‘होनवेद’ झाले. होनवेद म्हणजे मायभूमीचा रक्षक. देशातील उत्तमोत्तम खेळाडू या एका संघात आणले गेले. उंच उडी घेऊन डोक्याने गोल करणारा कोचिश आला, वाऱ्यासारखा धावणारा त्सिबोर आला. सर्वांना लष्करी हुद्दे मिळाले. पुश्काश मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढला. त्याने लढाई कधी पाहिली नाही. पण पश्चिम युरोपातील वृत्तपत्रांना ‘धावता मेजर’ हे नाव फार आवडले आणि ते त्याला कायमचे चिकटले.

होनवेदचे हे खेळाडू म्हणजेच राष्ट्रीय संघाचा कणा. 1950 च्या जूनपासून या संघाला कोणी हरवू शकले नाही. 1952 मध्ये हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने झाले. याच सामन्यांत कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. भारताचा फुटबॉल संघही तेथे गेला होता. आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून 10–1 असे हरले. तोच युगोस्लाव्हिया अंतिम सामन्यात हंगेरीसमोर उभा राहिला. पूर्वार्धात हंगेरीला पेनल्टी मिळाली. ती घ्यावयास कर्णधार पुश्काश पुढे झाला, आणि त्याने मारलेला चेंडू गोलरक्षकाने अडवला. भरल्या मैदानात कर्णधाराची अशी फजिती झाली की पुष्कळदा त्याचे पाय जड होतात. पुश्काशचे झाले नाहीत. उत्तरार्धात पहिला गोल त्यानेच केला, दुसरा त्सिबोरने केला आणि हंगेरीला सुवर्णपदक मिळाले.

पुढच्या वर्षी, 25 नोव्हेंबर 1953 रोजी, हंगेरीचा संघ लंडनला वेम्ब्ली मैदानावर उतरला. फुटबॉलचे नियम इंग्लंडने बांधले. त्यामुळे हा खेळ आपलाच, असे इंग्रजांना वाटत असे. ब्रिटिश बेटांबाहेरील एकाही देशाने त्यांना त्यांच्या भूमीवर हरवलेले नव्हते. सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते. हा ठेंगणा, पोट सुटलेला कर्णधार पाहून इंग्लंडच्या काही खेळाडूंना हसू आले, असे सांगतात. ते फार वेळ टिकले नाही. पहिल्याच मिनिटात हिदेगकुतीने गोल केला. हिदेगकुतीच्या पाठीवर आघाडीच्या मधल्या खेळाडूचा अंक असे. पण तो पुढे न थांबता मागे येऊन खेळे. त्याच्या पाठोपाठ जावे तर मागची जागा मोकळी पडते, न जावे तर तो मोकळा राहतो. इंग्लंडच्या बचावफळीला हे कोडे शेवटपर्यंत सुटले नाही.

थोड्या वेळाने चेंडू पुश्काशकडे आला. तो गोलाच्या उजव्या अंगाला होता. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट हा मोठा नामांकित खेळाडू. तो चेंडू हिरावून घेण्यासाठी घसरत आला. पुश्काशने डाव्या पायाचा तळवा चेंडूवर ठेवला आणि तो हलकेच मागे ओढला. राइट जेथे चेंडू होता तेथून घसरत पुढे गेला. तेथे आता गवताखेरीज काही नव्हते. त्याच क्षणी पुश्काशने त्याच डाव्या पायाने चेंडू गोलात मारला. सारा प्रकार डोळ्याचे पाते लवण्याइतक्या वेळात घडला. किशपेश्तच्या अरुंद गल्लीत चेंडू लपवण्याच्या ज्या युक्त्या मुले करीत, त्यांतलीच ही एक असावी. हंगेरीने तो सामना 6–3 असा जिंकला. हिदेगकुतीने तीन, पुश्काशने दोन आणि भिंतीपलीकडच्या बोझिकने एक गोल केला. पुढील वर्षी मे महिन्यात इंग्लंडचा संघ परतफेड करावयास बुडापेस्टला आला, तेव्हा तो 7–1 असा हरला.

1954 चा विश्वचषक स्वित्झर्लंडमध्ये होता, आणि तो हंगेरीचाच, असे सारे धरून चालले होते. पहिल्या फेरीत हंगेरीने पश्चिम जर्मनीला 8–3 असे हरवले; परंतु त्या सामन्यात एका जर्मन खेळाडूची लाथ पुश्काशच्या घोट्यावर बसली. पुढचे दोन सामने तो खेळू शकला नाही. त्याच्यावाचूनही हंगेरीने ब्राझील आणि उरुग्वे यांना हरवले, आणि अंतिम सामन्यात पुन्हा पश्चिम जर्मनीशीच गाठ पडली. घोटा पुरता बरा झालेला नसतानाही पुश्काश मैदानात उतरला. त्याने उतरावयास नको होते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्याच्या जागी दुसरा कोणी असता, तर तो इतका महत्त्वाचा सामना सोडून बाकावर बसला असता काय, हाही विचार केला पाहिजे.

4 जुलैचा तो दिवस. बर्न शहरात पावसाची झड लागलेली. सहाव्या मिनिटाला पुश्काशने गोल केला, आठव्याला त्सिबोरने. पण अठरा मिनिटे होतात तो जर्मनीने दोन गोल फेडले. पुढे एक तासाहून अधिक वेळ हंगेरीचे खेळाडू जर्मनीच्या गोलावर धडका मारत राहिले. आणि सामना संपावयास सहा मिनिटे उरली असता गोल झाला तो जर्मनीचा. अगदी अखेरीस पुश्काशने चेंडू जाळ्यात मारला. बरोबरी झाली असे वाटले, तोच रेषापंचाचे निशाण वर गेले. ऑफसाइड! गोल रद्द झाला. चार वर्षे न हरलेला संघ नेमका त्या दिवशी 3–2 असा हरला. तो गोल योग्य होता की नाही, याचा वाद तेव्हापासून चालूच राहिला.

या पराभवाचे दुःख पुश्काशने नीट सोसले नाही, हेही सांगितले पाहिजे. काही वर्षांनी त्याने जर्मन खेळाडूंवर उत्तेजक औषधे घेतल्याचा जाहीर आरोप केला; पण त्याला हाती काही आधार नव्हता. जर्मन फुटबॉल संघटनेने आपल्या संघांना पुश्काश असलेल्या संघाशी खेळण्याची मनाई केली. हे प्रकरण पुढे त्याला पुन्हा भेटणार होते.

1956 च्या ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये जनतेने उठाव केला. नोव्हेंबरच्या आरंभी सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले आणि त्यांनी तो मोडून काढला. त्या सुमारास होनवेदचा संघ युरोपीय चषकाच्या सामन्यासाठी परदेशात होता. उठावात पुश्काश मारला गेला, अशी बातमी काही वृत्तपत्रांनी छापूनही टाकली. तो जिवंत होता. पण त्याचे गाव पेटले होते आणि त्याची पत्नी व लहान मुलगी तेथे होत्या. परतीचा सामना बुडापेस्टला व्हावयाचा, तो ब्रुसेल्सला खेळावा लागला. गोलरक्षक जखमी झाल्यामुळे त्सिबोरला गोलात उभे राहावे लागले. अशा स्थितीत सामना बरोबरीत सुटला आणि होनवेद स्पर्धेतून बाहेर पडला. पुढे पत्नी आणि मुलगी सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आल्या.

आता परत जावयाचे की नाही? संघाने वरिष्ठांची आज्ञा मोडून ब्राझीलचा दौरा केला, आणि तो संपल्यावर प्रत्येकाला आपापला निर्णय घ्यावाच लागला. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर पश्चिमेकडेच राहिले. बोझिक बुडापेस्टला परतला. एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलेले हे मित्र आता एका फार मोठ्या भिंतीच्या दोन बाजूंना गेले. कोणाचा निर्णय बरोबर, हे ठरवणे दुसऱ्याला सोपे नाही. बोझिक आपल्या देशातर्फे शंभराहून अधिक सामने खेळला. पुश्काशला सरकारने पळून गेलेला लष्करी अधिकारी ठरवले. त्याचे नाव देशातल्या वृत्तपत्रांत येईनासे झाले.

जागतिक फुटबॉल संघटनेनेही त्याच्यावर बंदी घातली. सुमारे दीड वर्ष तो कोठेच खेळू शकला नाही. ऑस्ट्रियात, इटलीत तो काम शोधीत फिरला. खेळ सुटला, चिंता वाढली आणि वजनही वाढले. बंदी उठली तेव्हा तो 31 वर्षांचा होता. त्या वयात आघाडीच्या खेळाडूंचे दिवस भरत आलेले असतात. हा म्हातारा आणि जाडा खेळाडू घेऊन काय करावयाचे, असे म्हणून मोठमोठ्या संघांनी त्याला दारातूनच परत पाठवले.

होनवेदचा एक जुना व्यवस्थापक आता स्पेनमधील रेआल माद्रिद या संघाकडे काम करीत होता. त्याने पुश्काशसाठी शब्द टाकला, आणि संघाचे अध्यक्ष सान्तियागो बेर्नाबेउ यांनी धाडस केले. 1958 मध्ये पुश्काश माद्रिदला आला, तेव्हा त्याचे वजन प्रमाणापेक्षा सुमारे 18 किलोंनी जास्त होते. स्पॅनिश भाषेचा एक शब्द येत नव्हता. प्रशिक्षकाला तो नकोच होता. ज्याने वेम्ब्लीवर इंग्लंडला नमवले, त्याला आता नवशिक्याप्रमाणे मैदानाला फेऱ्या माराव्या लागल्या. त्याने त्या मारल्या. काही आठवड्यांत चरबी झडली. डावा पाय मात्र होता तसाच होता.

रेआल माद्रिदचा खरा राजा आल्फ्रेदो दि स्तेफानो. तो मोठा करारी खेळाडू होता आणि संघात त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. पहिल्या वर्षाच्या शेवटी दोघांचे गोल सारखे झाले होते, असे सांगतात. अखेरच्या सामन्यात पुश्काश गोलासमोर मोकळा होता. त्याने स्वतः गोल न करता चेंडू दि स्तेफानोकडे सरकवला आणि सर्वाधिक गोलांचा मान त्याला मिळू दिला. पुश्काश खोडकर होता, हट्टी होता. पण परक्या घरी कसे वागावे हे तो शिकला होता. पुढे हे दोघे जन्माचे मित्र झाले. सर्वाधिक गोलांचा तो मान पुश्काशने नंतर चार वेळा मिळवला.

1960 च्या मे महिन्यात युरोपीय चषकाचा अंतिम सामना स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथे ठरला. प्रतिपक्ष होता आइनट्राख्ट फ्रँकफुर्ट, म्हणजे जर्मन संघ. जुनी मनाई आडवी आली. पुश्काशने आपल्या आरोपाबद्दल लेखी क्षमा मागितली, तेव्हाच तो सामना होऊ शकला. हॅम्पडन पार्कवर सव्वा लाखाहून अधिक लोक जमले होते. पहिला गोल फ्रँकफुर्टने केला. मग माद्रिदने खेळ सुरू केला. दि स्तेफानोने तीन गोल केले, पुश्काशने चार. आणि सामना 7–3 असा संपला. त्या वेळी पुश्काश 33 वर्षांचा होता. युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात चार गोल त्यापूर्वी कोणी केले नव्हते. दोन वर्षांनी त्याने दुसऱ्या एका अंतिम सामन्यात पूर्वार्धातच तीन गोल केले, तरी लिस्बनच्या बेन्फिकाने माद्रिदला 5–3 असे हरवले.

त्याने स्पेनचे नागरिकत्व घेतले आणि 1962 च्या विश्वचषकात तो स्पेनतर्फे खेळला. पण स्पेनतर्फे खेळलेल्या एकूण चार सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. हंगेरीतर्फे त्याने 85 सामन्यांत 84 गोल केले होते. 1966 मध्ये, 39 व्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

त्यानंतर तो प्रशिक्षक म्हणून देशोदेशी हिंडला. स्पेन, अमेरिका, कॅनडा, ग्रीस, चिली, सौदी अरेबिया, ईजिप्त, पॅराग्वे, ऑस्ट्रेलिया. नकाशा पुढे ठेवूनच हा प्रवास पाहावा. सगळीकडे यश आले असे नाही. परंतु 1971 मध्ये त्याने अथेन्सच्या पानाथिनाइकोस संघाला युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. ग्रीसचा कोणताही संघ तोवर तेथे पोहोचला नव्हता. तो सामना वेम्ब्लीवरच झाला आणि आयाक्स संघाने तो 2–0 असा जिंकला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ग्रीक लोकांच्या संघाला त्याने 1991 मध्ये देशाचे अजिंक्यपद मिळवून दिले. त्याला इंग्रजी नीट येत नसे. अथेन्समध्ये शिकलेले ग्रीक तेथे उपयोगी पडले. संघाचा तरुण कर्णधार त्याला आपल्या मोटारीतून सरावाला नेई आणि त्याचे बोलणे इतरांना समजावून सांगे.

एवढ्या देशांत तो गेला, पण एकाच देशात त्याला जाता येत नव्हते. 1978 मध्ये बोझिक बुडापेस्टमध्ये वारला. त्यानंतर तीन वर्षांनी, 1981 मध्ये, पुश्काशला हंगेरीत येण्याची मुभा मिळाली. पंचवीस वर्षांनी त्याने मायभूमीवर पाय ठेवला. जुन्या खेळाडूंचा एक सामना ठेवला होता. चोपन्न वर्षांचा, चांगलाच स्थूल झालेला पुश्काश मैदानात उतरला, तेव्हा प्रेक्षागृहात अशीही मुले होती की ज्यांनी त्याचा खेळ कधीच पाहिला नव्हता. केवळ वडिलांच्या तोंडून ऐकला होता.

साम्यवादी राजवट गेल्यानंतर तो कायमचा बुडापेस्टला परत आला. 1993 मध्ये त्याने थोडे दिवस राष्ट्रीय संघाची धुराही वाहिली. पुढे त्याला स्मृतिभ्रंशाचा विकार जडला, आणि आपण केलेले गोलही त्याला हळूहळू आठवेनासे झाले. लोकांना ते आठवत होते. 2002 मध्ये बुडापेस्टच्या सर्वांत मोठ्या क्रीडागाराला त्याचे नाव देण्यात आले. 17 नोव्हेंबर 2006 रोजी त्याचे निधन झाले. ज्याला एके काळी पळपुटा ठरवले होते, त्याला राजधानीच्या सेंट स्टीफन बॅसिलिका या मंदिरात मूठमाती देण्यात आली.

ते जुने क्रीडागार पाडून त्याच जागी 2019 मध्ये नवे उभारले गेले. त्यालाही पुश्काशचेच नाव आहे. किशपेश्तच्या मैदानाला मात्र बोझिकचे नाव दिलेले आहे.